गाली आणि गाळी

मलप्पा मिस्त्रीच्या तोंडी शिवी म्हणून नसे. बैलाला नाही, माणसाला नाही, मोटरला तर मुळीच नाही. तरी आमच्या महबूब ड्रायव्हरला पहिले पंधरा दिवस वाटत होतं, की हा म्हातारा आपल्याला उठताबसता गाली देतो. मलप्पा होटगीचा सुतार. घरात कानडी, बाजारात मराठी. कानडीत चाकाला म्हणतात गाली आणि हवेला म्हणतात गाळी. मोटरीपाशी आला की त्याचं सुरू व्हायचं, "ही गाली बघ, ती गाली फिरव, ह्या गालीत गाळी कमी हाय." महबूब सोलापुरातल्या दखनी बोलणाऱ्या मोहल्ल्यात वाढलेला. त्याच्या जिभेला ळ ठाऊकच नव्हता आणि कानालाही तो लागत नसे. त्याला सगळीकडे गालीच ऐकू येई. शेवटी एका सकाळी तो हात जोडून म्हणाला, "मिस्त्री, गलती हुई तो बोलो, पन सुबे सुबे गाली नक्को."

तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो. आता ते हसू आठवलं की मला माझीच शरम वाटते.

मी तेव्हा टपालखात्यात कारकून होतो. मंगळवेढ्याला टपालाच्या थैल्या ताब्यात घ्यायच्या, मोटरीत त्या थैल्यांवरच बसायचं आणि दुपारची मेल सुटायच्या आत सोलापूर स्टेशनवर त्या पोचत्या करायच्या, हे माझं काम. मोटर गंगाधरशेटची, थैल्या वाहण्याचा ठेकाही त्यांचाच. कुठल्याशा साहेबानं वापरून टाकलेली ती मोटर शेटनी घेतली, तिचं मागचं अंग कापलं आणि तिथं फळ्यांचा उघडा हौदा बसवला. पुढून साहेबाची गाडी, मागून बैलगाडी. लोक तिला 'अर्धी मोटर' म्हणत. तिच्या चाकांना लाकडी आरे होते आणि त्या आऱ्यांपायीच मलप्पा आमच्यात आला.

सोलापूरचा उन्हाळा काय असतो ते सांगायला नको. लाकूड वाळून आकसलं आणि चाकं कुरकुरायला लागली. मोटर दुरुस्त करणाऱ्यांनी हात टेकले, तेव्हा कुणीतरी बैलगाडीची चाकं करणाऱ्या ह्या सुताराचं नाव सांगितलं. मलप्पा आला. अंगात कोपरी, डोक्याला विटका पटका, पंचावन्नच्या पुढचं वय. चाकापुढं उकिडवा बसून त्यानं बोटाच्या पेरानं एकेक आरा वाजवला आणि कान लावून ऐकला. "ह्यो बोलतोय. ह्योबी बोलतोय. ह्यो मुका हाय." जे मुके निघाले तेवढेच त्यानं बदलले. मग घागरभर पाणी मागून चारही चाकांवर ओतलं. रस्त्यानं जाणारी एक म्हातारी पूजा चालली आहे असं समजून मोटरीच्या पाया पडली. पूजाबिजा काही नव्हती. गाडीवान उन्हाळ्यात गाडी ओढ्याच्या पाण्यात उभी करतात ती लाकूड फुगून चाक घट्ट व्हावं म्हणून, तीच ही गोष्ट. शेटना ती इतकी पटली, की त्यांनी मलप्पाला मोटरीवर ठेवूनच घेतलं.

मोटर चालवायला तो कधी शिकला नाही. पुढं बसायलाही तयार नसे. हौद्यात, मागच्या डाव्या चाकाच्या वर, एक हात फळीवर ठेवून बसे. "हितं खालचं ऐकू येतंय," म्हणे. त्याच्या कोपरीच्या खिशात कायम एक गाठ मारलेली सुतळी असे. चाक कितीचं, हे तो सुतळीनं मोजी. टायरवर छापलेला आकडा मी एकदा वाचून दाखवला, तर त्यानं तो ऐकून घेतला आणि मग सुतळी काढलीच. "मास्तर, आकडा छापणाऱ्यानं आपला रस्ता कुटं बघितलाय?" टपालातला माणूस म्हणून तो मला मास्तर म्हणे. मी मास्तर नाही हे मी दोनतीनदा सांगून पाहिलं आणि नाद सोडला.

अमावास्येला बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, असा त्याच्या गावचा नेम. टपालाची मोटर काही अमावास्येला उभी राहणार नाही, हे त्याला कळत होतं. म्हणून त्यानं तो नेम चाकापुरता लावला. दर अमावास्येला मोटरीच्या अंगाला टांगलेली स्टेपनी खाली यायची, गाडीला लागायची आणि चारांतलं एक चाक सुटून महिनाभर विसाव्याला वर जायचं. महबूब चडफडत नट खोलायचे पाने काढी. "चलती गाडी को कायकू खोलना?" मलप्पाचं उत्तर ठरलेलं. "पाच भाऊ हायत. चौघं राबत्यात, एक बसतोय. बसणारा रोज त्योच असला तर घर मोडतंय की. स्टेपनी म्हंजे काय? ज्याची बसायची पाळी आली त्यो." पाचही टायर सारखे झिजत आणि कुठलंही चाक कुठंही बसे. त्याच्या वागण्यात खूळ दिसे, पण खुळाच्या पोटात हिशेब असे.

ही घडी मोडली ती भीमेच्या वाळूनं. उन्हाळ्यात पाणी आटलं की मोटर पात्रातल्या वाळूतून न्यावी लागे, आणि ती रुतली की बैल शोधत फिरायचं. शेटनी त्यावर उपाय केला. मापापेक्षा मोठे, चांगले जाड टायर आणवले. रुतणं थांबलं. पण दुकानात टायर निघाले चारच. पाचवा मुंबईहून येतो आहे असं कळलं, आणि तो येतच राहिला. तोवर जुन्या मापाचं चाक स्टेपनी म्हणून टांगलेलं.

मलप्पानं ते चाक खाली घेतलं, एका मोठ्या चाकाशेजारी उभं केलं आणि वर आडवा हात धरला. दोघांच्या उंचीत बरोबर दोन बोटं मावत होती.

"मालक, स्टेपनी दोन बोटं बुटकी हाय."

"असू दे हो," शेट म्हणाले, "अडीअडचणीला तर आहे. स्टेशन गाठलं की झालं."

"पुढं लावली तर चालंल. मागं न्हाय चालायची."

शेटना ते पटलं नाही. मला मात्र त्यानं हौद्यात बसून नीट समजावलं. त्यानं सुतळी दोन्ही चाकांना गुंडाळून पाहिली होती. बुटक्या चाकाचा वेढा मूठभर कमी भरत होता. म्हणजे दर फेऱ्याला ते मूठभर मागं राहणार, आणि जोडीदाराला गाठायचं म्हणून जास्त फिरणार. पुढच्या चाकांना त्याचं काही नाही, ती नुसती पळतात. गाडी ओढतात मागची दोन. त्या दोघांमधल्या दांड्यावर लोखंडी गोळा असतो आणि त्याच्या पोटात दातेरी चक्रं. मागची जोडी विजोड असली की ते दात दिवसभर एकमेकांवर रगडत राहणार. "एक बैल उंच, एक बुटका," मलप्पा म्हणाला. "जू तिरकं. मान कुणाची सोलंल? दोघांची."

म्हणून त्यानं नवा नेम केला. मागचा टायर फुटला तर पुढचं मोठं चाक काढून मागं लावायचं आणि बुटकं पुढं घालायचं. काम एकाचं, खटाटोप दोनाचा. पहिल्यांदा तसा प्रसंग आला तेव्हा दोन चाकं काढण्याघालण्यात वेळ गेला आणि मेल डोळ्यांसमोरून निघून गेली. शेट संतापले. दुसऱ्यांदा मलप्पा गावच्या जत्रेला गेला होता. महबूबनं शेटच्या हुकमाप्रमाणं बुटकं चाक मागंच ठोकलं. तीनचार कोसांत गोळा कण्हायला लागला, पुढं त्याचे दात गेले आणि मोटर रस्त्यात बसली. थैल्या मी बैलगाडीतून आणल्या. मेल चुकलीच.

शेटनी तिघांना समोर उभं केलं. "कोण बरोबर ते मला सांगू नका. तिसऱ्यांदा गाडी चुकली तर ठेका काढून घेणार, असं वरून बजावलंय. ठेका गेला की ही मोटर मी ठेवत नाही. मग महबूब गिरणीत आणि मिस्त्री तुम्ही होटगीला."

दुसऱ्या दिवशी अर्धा रस्ता मलप्पा सुतळीची गाठ सोडत-बांधत होता. मग माझ्याकडं न बघताच म्हणाला, "मास्तर, गाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवायला आता माझी छाती पुरत न्हाय. गावात मी म्हातारा झालो हुतो. पोरं म्हणायची, बसा आप्पा, बसा. हितं आलो आन् पुन्यांदा कामाचा झालो. ही मोटर गेली तर मी परत म्हातारा." त्याला मोटर सोडायची नव्हती. त्याच्या साऱ्या नेमांच्या मुळाशी एवढीच गोष्ट होती, आणि ती ऐकून मला गलबलून आलं. पण मी नुसतं हं म्हटलं.

तो दिवस चैत्रातला. भीमा मागं पडली होती, सोलापूर चार कोसांवर होतं, आणि खडीच्या रस्त्यावर मागचा डावा टायर फुटला. महबूबनं सूर्याकडं पाहिलं, मी घड्याळाकडं. एक चाक बदलायला वेळ होता, दोन बदलायला नव्हता. आम्ही दोघंही मलप्पाकडं बघत राहिलो.

त्यानं फुटलेल्या टायरवरून हात फिरवला. मग स्वतःच्या हातानं त्यानं बुटकं चाक सोडवलं.

"मागंच लावू," म्हणाला.

महबूबला आपण काय ऐकलं ते कळेना. खात्री करून घ्यायलाही वेळ नव्हता. तो चाकांना लावायला धोंडे शोधत पळाला, आणि तेवढ्यात मलप्पानं पुढची युक्ती सांगितली, ती मला. "ही डाव्या अंगाची बुटकी. तर उजव्या अंगाच्या थोरलीतली थोडी हवा सोडायची. ती खाली बसंल. दोघी सारख्या. सावकाश गेलं तर गोळा सोसंल." मी मान डोलावली. महबूबला हे सांगायचं मला सुचलं नाही. माझं सगळं लक्ष घड्याळात होतं.

जॅक त्यानं मधोमध, गोळ्याखाली लावला आणि मागचं सगळं अंग उचललं. डावीकडं बुटकं चाक चढलं, नट आवळले. मग सुतळी घेऊन तो पालथा मोटरीखाली सरकला. माप बरोबर यायचं तर दोन्ही चाकांखालची जमीन सारखी हवी, म्हणून उजव्या चाकाखालची खडी हातानं बाजूला सारू लागला. खालूनच त्यानं हाक दिली,

"महबूब, तिकडची गाळी काढ!"

"गाली निकालूँ?"

"व्हय व्हय, गाळी! बिगीबिगी!"

महबूबची यात चूक नव्हती. इतके महिने ह्या माणसानं त्याला एकच काम लावलं होतं, हे चाक काढ आणि तिकडं घाल. म्हाताऱ्याला पुन्हा आपला नेम आठवला असं त्याला वाटलं. त्यानं उजव्या चाकाचे नट भराभर काढले. मी तिथंच उभा होतो. नट खडीवर पडलेले मला दिसत होते. हवा सोडायला नट कशाला काढावे लागतात, हा प्रश्न मला पडायला हवा होता. तो पडला नाही, आणि ही गोष्ट मी अजून स्वतःला माफ केलेली नाही.

चाक जाम होतं. महबूबनं दोन्ही हातांनी त्याला हिसका दिला. मोटर हलली, जॅक खडीवरून घसरला आणि सुटलेल्या चाकासकट मागचं अंग खाली आलं.

मलप्पा ओरडला नाही. "उचला," एवढंच म्हणाला.

मागून येणाऱ्या गाडीवानाला हाक मारून आम्ही तिघांनी मोटर उचलली. मलप्पाच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं राहिली नव्हती म्हटलं तरी चालेल. त्यानं पटका सोडला, हात त्यात गुंडाळला आणि मोटरीला टेकून बसला. महबूब कपाळ बडवून रडायला लागला. मी म्हणालो, थैल्या राहू द्यात, आधी दवाखाना. मलप्पानं मान हलवली.

"दवाखाना सोलापुरात हाय, मेलबी सोलापुरातच हाय. दोन्हीचा रस्ता योकच की. महबूब, मेल गेल्यावर रड. आदी ती गाली बसव."

महबूबनं चाक बसवलं. मग मलप्पानं त्याला जवळ बोलावलं, टायरच्या हवेच्या तोंडावर उजव्या हाताचं बोट ठेवलं, आणि तोंडानं फुस्स करून दाखवलं. "ही गाळी. ही सोड." तेव्हा महबूबला काय झालं ते कळलं. त्याच्या चेहऱ्याकडं मला बघवेना.

मोटर जमिनीवर टेकली. मलप्पानं सुतळीचं एक टोक दातांत धरलं, दुसरं उजव्या हातात, आणि दोन्ही बाजूंची उंची मोजली. "आनखी थोडी," म्हणाला. हवा सुटली. पुन्हा मोजली. "चला." सोलापूरपर्यंत तो आपल्या नेहमीच्या जागी, डाव्या चाकाच्या वर बसून होता. मी त्याला धरलं होतं. वाटेत तो एकदाच बोलला. "गोळा गप हाय."

मेल उभी होती. मी थैल्या चढवल्या, सही घेतली आणि धावत परत आलो, तोवर महबूब त्याला घेऊन दवाखान्यात गेला होता.

डॉक्टरांनी दोन्ही बोटं काढली. संध्याकाळी शेट आले आणि पायथ्याशी बसले. "मिस्त्री, ठेका राहिला," असं काहीतरी म्हणाले.

"गोळा?" मलप्पानं विचारलं.

"शाबूत आहे."

त्यानं डोळे मिटले. मग मिटल्या डोळ्यांनीच म्हणाला, "स्टेपनी दोन बोटं बुटकी हुती. आता मीबी." मला हसू आलं आणि रडूही. महबूब दाराशी उभा होता, तो हसला नाही.

हात बरा झाला, पण त्या हातात पाना धरवेना आणि हौद्यातली फळीही घट्ट धरता येईना. शेट मनापासून म्हणाले, की काम करू नका, नुसते बसा, माझी ना नाही. मलप्पा म्हणाला, "मालक, बसायची पाळी असती. महिनाभर बसीन. मग कोण बसनार?" त्यानं सुतळी खिशात घातली आणि होटगीची गाडी धरली. पाचवा मोठा टायर मुंबईहून आला तो त्यानंतर पंधरा दिवसांनी.

माझीही बदली झाली. दोनेक वर्षांनी होटगीला गाडी बदलायची होती आणि मधे अडीच तास रिकामे होते. मलप्पाचं घर विचारावं म्हणून बाहेर पडलो, तर लिंबाखाली अर्धी मोटर उभी. मला पाहून महबूब धावत आला.

"सळाम, मास्तर! चळा चळा, मिस्त्री खाळी हायत."

मी बघतच राहिलो. मग कळलं. दर अमावास्येला मेलला थैल्या दिल्या की महबूब मोटर घेऊन होटगीला येत होता. चाकांची पाळी मिस्त्रीच्या सुतळीशिवाय बदलायची नाही, असं त्यानं शेटना सांगून टाकलं होतं. आणि त्या दिवसापासून त्यानं ळ शिकायला घेतला होता. "तीन महिने ळागळे, मास्तर," तो म्हणाला. जीभ उलटी करून तो अक्षर न् अक्षर ढकलत होता आणि एकदा वळलेली जीभ आता सरळ व्हायला तयार नव्हती. ल म्हणून त्याच्या तोंडात उरला नव्हता. म्हणजे पूर्वी हवेचंही चाक व्हायचं, आता चाकाचीही हवा होत होती. एवढी मेहनत करून गोंधळ होता तिथंच होता, हे त्याला सांगायचा मला धीर झाला नाही.

मलप्पा मोटरीखाली होता. नुसते पाय दिसत होते. मी हाक मारली, तर आतूनच म्हणाला, "मास्तर व्हय? बसा, झालंच." पाचही चाकं एका मापाची झाली होती. स्टेपनी आपली पाळी यायची वाट बघत बाजूला उभी होती.

महबूब उजव्या चाकापाशी गेला. पाना त्यानं हातात घेतला, पण लावला नाही. खाली वाकून त्यानं एकेक अक्षर तोलत विचारलं,

"मिस्त्री, गाळी काढू?"

मग मोटरीच्या बाहेर आधी उजवा हात आला, मग डावा. दोन्ही पंजे पसरून त्यानं उन्हात धरले.

"आता काढ," मलप्पा म्हणाला. "गाली काढ न्हायतर गाळी काढ."

महबूबनं ती बोटं मोजली. आठ भरली, तेव्हा त्यानं नटाला पाना लावला.